देवमाशाच्या पोटात काय होतं

माझा मामा एलिआर्सी उत्तरेच्या बर्फाळ समुद्राकाठच्या आमच्या वस्तीत ओळखला जायचा तो आवाजासाठी. चर्चमध्ये त्याने पहिली ओळ उचलली की पेटी वाजवणारी बाईसुद्धा निमूटपणे त्याच्या सुरात यायची. समुद्रात दोर ओढताना त्याने कुणाला हाक मारली, तर किनाऱ्यावर साखळीला बांधलेली कुत्री उठून उभी राहायची. माणूस बुटका, खांदे रुंद, आणि बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, हा म्हणतोय तेच खरं.

त्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, पायाखालचा बर्फ फुटून समुद्रात गेले तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. माझी आई त्याच्याहून धाकटी. त्या हिवाळ्यात घरात ना सीलचं मांस होतं, ना हॅलिबट मासा. होते फक्त अम्मासाट. वीतभर लांबीचे चंदेरी मासे, जूनमध्ये खडकांवर वाळवून पोत्यांत भरून ठेवलेले. माणसांनी तेच खाल्ले, कुत्र्यांनीही तेच खाल्ले. बर्फ सुटेपर्यंत घरातलं आणखी कुणी गेलं नाही, ते त्या पोत्यांमुळे. मामा म्हणायचा, "देव दाखव म्हणालात तर मी अम्मासाट दाखवीन." चर्चमधल्या म्हाताऱ्यांना ते खटकायचं, पण हसायचेही.

म्हणून आमच्या खाडीत अम्मासाट येईनासे झाले, तेव्हा ते त्याला इतरांपेक्षा जास्त लागलं. पूर्वी जूनमध्ये ते लाटेबरोबर थेट रेतीवर यायचे, अंडी घालायला. किनारा नुसता वळवळायचा आणि बायका दांड्याच्या जाळ्यांनी बादल्याच्या बादल्या उपसायच्या. एका वर्षी कमी आले. पुढच्या वर्षी त्याहून कमी. मग असे दिवस आले की सगळी वस्ती जाळी घेऊन उभी, आणि घरी जाताना ज्याच्या त्याच्या बादलीचा तळ दिसतोय.

याच वर्षांत कुबडे देवमासे मात्र वाढले होते. खाडीच्या तोंडाशी दिवसभर त्यांचे फवारे उडायचे. वर पक्ष्यांचा गलका. मध्येच पाणी फुगायचं आणि आ वासलेलं अवाढव्य तोंड वर यायचं, गळ्याची कातडी फुग्यासारखी ताणलेली. तोंड मिटलं की जबड्यातल्या झालरीतून पाणी बाहेर, आणि जे काय आत राहायचं ते पोटात.

"आत काय राहतं? आपले अम्मासाट," मामा म्हणायचा. "आपण वाट बघतोय आणि हे तिकडे दारातच पंगत मांडून बसलेत."

त्याच सुमारास तो शिकाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. रेडिओवाल्यांनी त्याला बोलावलं. आम्ही सगळे माशांच्या कारखान्यात सुऱ्या खाली ठेवून ऐकत होतो. "ही जनावरं आमच्या पोरांच्या तोंडचा घास काढतायत," त्याचा आवाज भिंतींवर आदळत होता. "परवानगी द्या. एक मारू द्या. सगळ्यांसमोर पोट फाडून दाखवतो."

तीतुस हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. वस्तीतल्या एकमेव मोठ्या बोटीचा मालक. देवमासे मारायची भाल्याची तोफ होती ती त्याच्याच बोटीवर. तो त्याला चिडवायचा, "एलिआर्सी, तू बोलतोस तेव्हा देवमासेसुद्धा ऐकतात बघ. फक्त जात नाहीत."

सरकारकडून परवानगी आली. त्या उन्हाळ्यात तीतुसच्या बोटीने एक कुबडा मारला आणि भरतीच्या पाण्याबरोबर ओढून आमच्या किनाऱ्याला लावला. शेजारच्या वस्त्यांतूनही होड्या आल्या होत्या. लोकांनी हातभर लांब सुऱ्या आणल्या, बायकांनी टोपल्या, म्हाताऱ्यांनी स्टुलं. कातडं आणि चरबीचे, म्हणजे मात्ताकचे, चौकोन निघायला लागले. कोवळे तुकडे पोरं तिथेच चघळायला लागली. दिवस मोठा आनंदाचा होता.

मांस निघाल्यावर पोट उघडायची वेळ आली. मामा वर चढला, बरगड्यांच्या आत कमरेपर्यंत उतरला. आमच्याकडे त्याची पाठ होती. गर्दी पुढे सरकली होती. सुरी चालल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

"काय रे, झोपलास काय आत?" तीतुस ओरडला.

"सरका! सगळे मागे सरका! आत वायू धरलाय, फुटेल!" मामा ओरडला.

आम्ही मागे झालो. त्याने आकड्याने ओढत पोट पलीकडच्या अंगाला, पाण्याच्या बाजूला ढकललं. तिकडे त्याची स्वतःची होडी लावलेली होती. थोड्या वेळाने तो देवमाशाला वळसा घालून आला, कोपरापर्यंत बरबटलेला, आणि त्याच्या दोन्ही मुठींत अम्मासाट होते.

"हे बघा!" हात वर करून तो म्हणाला. "ठासून भरलंय!"

लोकांनी आरोळी ठोकली. कुणीतरी त्याला मिठी मारली. माझा भाऊ सालिक, तेव्हा नुकता स्वतःची होडी घेतलेला, मामाचा सगळ्यात लाडका, तो तर नाचायलाच लागला. आमालियामामी मात्र कुठे दिसेना. नंतर मी तिला पाहिलं ते घराकडे जाताना. वस्तीत मोकळी फिरणारी कुत्र्याची पिल्लं तिने दोन्ही काखांत धरली होती आणि ती लगबगीने चालली होती. मला वाटलं, पिल्लं मांसात तोंड घालतायत म्हणून नेत असेल.

त्या दिवसानंतर वस्तीतल्या जवान पोरांनी कुबड्यांना हाकलायचं मनावर घेतलं. देवमासे खाडीच्या तोंडाशी आले की ही पोरं मोटारहोड्या घेऊन सुटायची, कळपामधून त्या आडव्यातिडव्या पळवायची, हवेत बंदुका उडवायची. मामा किनाऱ्यावरून बघायचा. त्यांना थांबवलं नाही. पण पूर्वीसारखा ओरडून त्यांना चढवतही नव्हता. आम्हाला वाटलं, वय झालं.

सालिक सगळ्यांत पुढे असायचा. जुलै सरता सरता त्याची होडी अशाच एका पाठलागात होती. कुबडे खोल गेले आणि त्याने इंजिन बंद करून वाट बघितली. पाण्यात बुडबुडे दिसले तेव्हा त्याला कळायला हवं होतं. खालून देवमासा तोंड उघडून सरळ वर आला. देवमाशाला होडीशी काही देणंघेणं नव्हतं, तो आपल्या जेवणाला येत होता, आणि जेवणाच्या बरोबर वर माझा भाऊ बसला होता. होडी उलटली. सालिकचा उजवा हात इंजिन आणि होडीची कड यांत चिरडला. बाकीच्या पोरांनी त्याला ओढून वर घेतलं. हेलिकॉप्टर आलं आणि त्याला आसिआत शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेलं. आई, मी, मामा आणि मामी तीतुसच्या बोटीने मागोमाग गेलो.

हाताची मधली बोटं काढावी लागली. अंगठा आणि करंगळी राहिली. आई डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेली होती, मी खिडकीपाशी होते. मामा खाटेच्या कडेवर बसला होता.

"मामा," सालिक म्हणाला, "पाणी लाल होतं."

"रक्त गेलं ना रे पोरा."

"मलाही आधी तेच वाटलं. माझंच रक्त आहे, मी संपलो. पण ते वळवळत होतं. माझ्या कॉलरमध्ये, बाह्यांमध्ये, तोंडात. नर्सने माझी पँट उलटी केली तर खिशांतून लाल जवळा पडला, मूठभर. तो जवळा खात होता, मामा. तिथे एक अम्मासाट नव्हता."

मामाने पांघरुणाची कड सारखी केली.

"आपण मारलेल्या त्या दुसऱ्याच्या पोटात काय होतं?" सालिकने विचारलं. आवाजात राग नव्हता. लहान असताना तो मामाला विचारायचा, बर्फ इथे जाड आहे का, तसंच विचारलं होतं.

मी मामाकडे बघितलं. त्याची नजर पांघरुणावर होती.

"अम्मासाट," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी बघितलेत की."

सालिकने मान हलवली आणि डोळे मिटले. मामी दारात उभी होती. तिच्या हातात कॉफीचे पेले होते. ते तिने मेजावर ठेवले आणि परत बाहेर गेली.

पुढचं मला मामीने पुष्कळ नंतर सांगितलं. ती दोघं धक्क्यावर बोटीची वाट बघत होती. मामाने तिला विचारलं, थंडी वाजते का. ती म्हणाली, "त्या दिवशी पिल्लांची तोंडं जवळ्याने लाल होती. डोळ्यांपर्यंत लाल. चार लोकांत ती तोंडं घेऊन फिरत होती. मी त्यांना घरी नेऊन साबणाने धुतली."

मामाने विचारलं, "मग तू बोलली का नाहीस?"

"तुझी लाज राखायला," मामी म्हणाली. "तेव्हा मला वाटलं, एक खोटं बोललास, दोन दिवसांत विरून जाईल. आता त्या पोराचा हात बघून आले. आज तू पुन्हा तेच बोललास, आणि त्याच्या तोंडावर बोललास. मला आता तुझी लाज राखता येत नाही, एलिआर्सी. माझीच उरलेली नाही."

त्यानंतर मामा बदलला. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागला आणि गाताना नुसते ओठ हलवायचा. पेटीवाल्या बाईने एकदा विचारलंसुद्धा, घसा बिघडलाय का. त्याने मान डोलावली. घरात कुणी वाळके अम्मासाट लोण्याबरोबर पुढे ठेवले की तो कॉफी घेऊन बाहेर जायचा. सील मारला की सगळ्यांत चांगला भाग आमच्या दारात आणून ठेवायचा. आई प्रत्येक वेळी त्याचा हात धरून म्हणायची, "दादा, तू नसतास तर आम्ही काय केलं असतं?" तो हात सोडवून घ्यायचा. आई म्हणायची, किती साधा आहे माझा भाऊ, आभारसुद्धा मानू देत नाही.

हिवाळ्यात आसिआतला सगळ्या वस्त्यांच्या शिकाऱ्यांची सभा भरली. आणखी कुबडे मारायची परवानगी मागायची होती. बोलणार अर्थातच मामा. तीतुस मला सांगायचा की बोटीत तो सबंध वाटेत नुसता पाण्याकडे बघत होता. व्यासपीठावर चढला, ध्वनिक्षेपकाची मान खाली केली, तोंड उघडलं. दालन गच्च भरलेलं. लोक थांबले. मामा म्हणाला, "माझा घसा बसलाय," आणि खाली उतरला.

मग तीतुस स्वतः उठला. मित्राची अब्रू सांभाळायला. "मी सांगतो," तो म्हणाला. "एलिआर्सी छातीपर्यंत त्या जनावरात उतरला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्याच्या दोन्ही मुठी भरलेल्या होत्या. ह्या माणसाने आयुष्यात खोटा शब्द काढलेला नाही." टाळ्या पडल्या. शेजारचे लोक मामाच्या पाठीवर थापा मारत होते, आणि तो खुर्चीत दुमडल्यासारखा बसला होता, हात गुडघ्यांमध्ये घालून.

वसंतात सालिक पुन्हा समुद्रावर जायला लागला. दोन बोटांच्या हाताने गळाला आमिष लावायला त्याला फार वेळ लागायचा, म्हणून मामा त्याच्याबरोबर जायचा आणि आमिष लावून द्यायचा. आमिष म्हणजे तेच, बादलीतले गोठवलेले अम्मासाट. एक दिवस दोघंच होडीत होते. सालिकने मला सांगितलं ते असं. मामाने बादलीत हात घातला आणि तसाच ठेवला. बाहेर काढेना.

"मामा, हात गोठेल."

"यातूनच घेतले होते," मामा म्हणाला. "त्या दिवशी. माझ्या होडीत ही बादली होती."

सालिक दोर सोडत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"दवाखान्यात. तू पांघरुणाशी बोललास ना, तेव्हापासून. वाटलं, सांगशील. वाट बघत होतो."

मामा रडायला लागला. सालिकने त्याला रडू दिलं. थोड्या वेळाने म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? माझी बोटं गेली ती गेली. बर्फ सुटलाय. पोरं परवापासून बंदुका घासून ठेवतायत. त्यांना सांग."

"माझी जीभ रेटत नाही रे."

"रेडिओवर बरी रेटली."

जून लागला. कुबड्यांचे पहिले फवारे दिसले तशी पोरं होड्या लोटायला किनाऱ्यावर आली. सकाळची वेळ, बायका जाळी घेऊन बसलेल्या, तीतुस बोटीला रंग देत होता. मामा घरातून आला तो सरळ होड्यांच्या पुढे पाण्यात जाऊन उभा राहिला, गुडघाभर. पोरांना वाटलं, आशीर्वाद द्यायला आलाय.

"होड्या वर घ्या," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की मागच्यांनी विचारलं, काय म्हणतो? त्याने पुन्हा सांगितलं. मग सांगितलं की देवमाशाच्या पोटात जवळा होता, नुसता लाल जवळा, आणि मुठीतले अम्मासाट होडीतल्या आमिषाच्या बादलीतले होते. "माझा बाप मला सांगायचा, कुबडा समुद्रात जे दाट असेल ते खातो. कधी जवळा, कधी अम्मासाट. मला हे पोरवयापासून ठाऊक आहे. पण मी रेडिओवर बोलून बसलो होतो. तुम्ही सगळे बघत होतात. मला मागे फिरता आलं नाही."

हात होड्यांवरून खाली आले. पोरं एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हती. एवढ्या मोठ्या माणसाला असं उभं पाहायची आम्हाला सवय नव्हती, आणि नजर कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. शेवटी तीतुसने कुंचला खाली ठेवला.

"मी सभेत तुझ्यासाठी उभा राहिलो," तो म्हणाला.

"हो."

"आयुष्यात खोटं बोलला नाही म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तू ऐकत बसलास."

"हो, तीतुस."

"मग आता मी त्या लोकांना तोंड कसं दाखवू, ते पण सांग ना! तुझा घसा आता मोकळा झालाय तर!"

तीतुस बोटीवर चढून आत गेला.

माझी आई आतापर्यंत बसून होती. ती उठली आणि घरी गेली. जाताना तिने मामाकडे पाहिलं नाही. दुपारी तिने गोठवणपेटी उघडली, मामाने हिवाळाभर दिलेलं सीलचं सगळं मांस बाहेर काढलं आणि घसरगाडीवर रचून उघड्या खडकांवरून खडखडत ओढत त्याच्या दारात नेऊन ठेवलं. मी मदतीला गेले तर म्हणाली, "हात लावू नकोस." मामीने दार उघडलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मामी एकेक तुकडा आत घ्यायला लागली.

पोरांनी देवमाशांमागे जाणं सोडलं. मामाने अध्यक्षपद सोडलं, आणि रेडिओवाल्यांना फोन करून सांगितलं की मी चुकीचं बोललो होतो. त्यांनी ते बातम्यांनंतर लावलं, मासळीच्या भावाच्या आधी. तीतुस दुसऱ्या सभेत गेला आणि काय बोलला ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

मामाला नाव पडलं, बादली. आधी पोरांनी पाठीमागे म्हटलं, मग दुकानात तोंडावर. "काय बादली, आज काय मिळालं?" आमच्याकडे अशी नावं माणसाला चिकटतात ती सुटत नाहीत. सालिक ऐकून भडकायचा. मामा त्याला म्हणायचा, "असू दे. मी ओ देतो ना?" तो खरंच ओ द्यायचा. पण त्याची मान दर वेळी थोडी खाली जायची, शेवटपर्यंत. सवय झाली असं मला कधी वाटलं नाही.

अम्मासाट नंतर एका वर्षी भरपूर आले. पुढच्या वर्षी नाही. कुणी म्हणतं पाणी तापलंय, कुणी म्हणतं त्यांनी किनारा बदललाय. कुबडे येतात, खातात आणि जातात. मामाला विचारलं तर तो म्हणायचा, "मला माहीत नाही." त्याच्या तोंडून हे वाक्य आम्ही आधी कधी ऐकलं नव्हतं.

तीतुस पुष्कळ वर्षांनी एकदा कॉफीला आला. दोघं हवेविषयी बोलले. पुढे अधूनमधून येत राहिला. आई मात्र सणालाच जायची, आणि मामाशी बोलायची ती मामीच्या मार्फत. "त्याला विचार, साखर हवी का." तो समोरच बसलेला असायचा. "हवी म्हणावं," तो मामीला सांगायचा.

मामा झोपेत गेला, मार्च महिन्यात. त्याच वसंतात सालिकला मुलगा झाला. आमच्याकडे नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव बाळाला देतात, आणि मग ते नातंही बाळाकडे येतं. सालिकने सांगितलं, नाव एलिआर्सी. आई उठून कॉफी टाकायला गेली. मामीच म्हणाली, "नको रे. दुसरं कुणाचं तरी दे. त्या नावाबरोबर आणखी काय काय येईल त्याच्या वाट्याला, पोरं शाळेत काय म्हणतील?"

"म्हणू देत," सालिक म्हणाला. "मी आहे ना त्याला सांगायला. सगळं सांगीन."

नाव ठेवायच्या दिवशी मामीने बाळाला घेतलं नाही. भिंतीशी बसून राहिली, हात शालीत गुंडाळून. दुसऱ्या दिवशी आली आणि संध्याकाळपर्यंत त्याला खाली ठेवलं नाही.

आता तो धावतो, आणि ओरडला की आवाज सगळ्या वस्तीला ऐकू येतो. मी त्याला मामा म्हणते. मामी त्याला नवऱ्याला मारायची तशीच हाक मारते. आईने त्याला दादा म्हणायला हवं. ती अजून नुसतं बाळ म्हणते.